लोथारकाकांचं शेवटचं वाक्य

लोथार वेनिंगर यांच्या घराण्यात एक खूळ होतं. नाटकाचं शेवटचं वाक्य कागदावर लिहायचं नाही, तालमीत बोलायचं नाही. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, पडदा उघडण्याआधी, लेखकाने ते नटाच्या कानात सांगायचं. जर्मनीत गावोगाव फिरणाऱ्या आजोबांनी ते पाळलं, वडिलांनी पाळलं, आणि तीन महिन्यांचे असताना आईच्या कुशीतून रंगमंचावर आलेल्या लोथारनीही अकरा नाटकं तशीच लिहिली. अमेरिकेत आल्यावर पोटासाठी टीव्हीवर दुष्ट जर्मन अधिकारी रंगवत राहिले, पण खूळ काही सुटलं नाही.

बारावं नाटक लिहिलं ते तिथल्या पिस्कॅटवे गावात, इंग्रजीतून, ऐंशीव्या वर्षी. एका म्हाताऱ्या नटाचं आणि त्याच्या मुलाचं. शेजारचा मनोहर एकेकाळी पुण्यात एकांकिका करायचा, आता दिवसभर कोड लिहायचा. त्याने नाटकाचं मराठी केलं आणि २००६च्या दिवाळीला मराठी मंडळात प्रयोग ठरला. म्हाताऱ्याची भूमिका तोच करणार होता. तालमीत शेवट आला की सगळे गप्प बसत आणि मंडळाची सेक्रेटरी शैलजा म्हणे, "चला, चहा."

आणि इकडे लोथारकाकांना ते वाक्यच आठवेना.

मार्चमध्ये होतं. अगदी जिभेवर होतं. मग एका सकाळी उठले तर नाहीसं झालेलं. सात महिने त्यांनी डोक्याचा भुगा करून घेतला. तीन पिढ्यांची अब्रू आपल्या हातून जाणार, या विचाराने जेवण जाईना, आणि कोणाला सांगायचीही चोरी.

प्रयोगाच्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमागे मनोहर पांढरी दाढी चिकटवून पुढे आला. "काका, आता तरी सांगा यार. टेन्शनने मरतोय मी."

काकांनी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. पण जीव इतका शिणला होता की सुरुवात कुठून करावी तेही सुचेना. ते त्याच्या कानाशी वाकले. "मी दमलोय, मनोहर. मला घरी ने."

मनोहरचे डोळे भरून आले. "परफेक्ट, काका!" त्याने वाकून नमस्कार केला आणि काका आणखी काही बोलायच्या आत विंगेत पळाला. तिसरी घंटा झाली.

काकांनी पहिल्या रांगेत बसून स्वतःचं नाटक न कळणाऱ्या भाषेत पाहिलं. शेवटी मनोहर मुलाचा हात धरून हळू काहीतरी बोलला आणि मागून हुंदके ऐकू आले. तो काय बोलला ते काकांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांना हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. फक्त पाठ दुखत होती.

मग चौघांनी त्यांना खुर्चीसकट स्टेजवर नेलं. शैलजाने माइक पुढे धरला. "काका, दोन शब्द, प्लीज."

समोर तीनशे माणसं बसली होती. काकांनी मनोहरकडे पाहिलं, नट म्हणून नव्हे, एक म्हातारा शेजारी म्हणून.

"मी दमलोय," ते इंग्रजीत म्हणाले. "मला घरी ने."

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. सगळ्यात जोरात मनोहरच.