डाव्या खांद्याचा अर्धा इंच

वर्गणी पुन्हा भरायची की नाही, एवढंच ठरवायला मोठी त्या दुपारी लॅपटॉप उघडून बसली. नसती बसली तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटतं.

दोघी जावा मिळून शिवणाचं दुकान चालवायच्या. मोठी कापायची, धाकटी शिवायची आणि ते कॉम्प्युटरचं सगळं बघायची. कपडे बेतायचे कागदी नमुने घरबसल्या देणारी एक साइट होती. वर्षाची वर्गणी भरा आणि हवे तितके नमुने छापून घ्या. मागच्या वर्षी धाकटीनेच ती घेतली. "माझ्याकडून भेट समजा, वहिनी," म्हणाली होती. मोठीला त्याचं केवढं अप्रूप! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून झालं होतं. आता मुदत संपत आली होती. खरं बोलायचं तर तीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला असले आयते नमुने हवेत कशाला? पण धाकटीचं मन मोडवेना. बघू तरी काय काय आहे, मग ठरवू, म्हणून ती एकेक चित्र सरकवत होती.

पुरुषांच्या कोटांपाशी तिचं बोट थबकलं. एका नमुन्यात डाव्या भागाचा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच वर होता. कोपऱ्यात दोन फुल्या, एकीला एक चिकटून.

अहो, त्या फुल्या तिच्याच! डावं-उजवं अदलाबदल होऊ नये म्हणून तिनेच मारलेल्या. आणि तो खांदा तिच्या नवऱ्याचा होता. लहानपणी झाडावरून पडला, हाड वाकडं जुळलं. जन्मभर माणूस फोटोत तिरपा उभा राहिला. परक्या शिंप्याला त्याने कधी अंगाला टेप लावू दिला नाही. लग्नानंतर तिने तीन कापडं वाया घालवून पुठ्ठ्यावर हा नमुना बसवला. तो कोट अंगात चढवून तो आरशापुढे पहिल्यांदा सरळ उभा राहिला आणि वेड्यासारखा हसत सुटला. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी तो पुठ्ठा टेबलामागच्या खिळ्याला टांगलेलाच होता. खांद्याची गोष्ट मोठी त्याच्या माघारी एकाच माणसापाशी बोलली होती. धाकटीपाशी.

चित्राखाली लोकांनी आपली अक्कल पाजळली होती. "डावा खांदा साफ चुकलाय." "मोजता येत नाही तर धंदा कशाला करता?" एकाने नुसती हसणारी तोंडं टाकली होती. मोठीच्या अंगाची लाही लाही झाली.

"हा नमुना इथे कुणी टाकला?"

धाकटीने मशीन थांबवलं. तिचा चेहरा पडला. "अहो वहिनी, आपला एक नमुना दिला की वर्षाची वर्गणी माफ होते. हा तर नुसता टांगून होता. त्यात कुणाचं काय गेलं?"

"म्हणजे ती भेट…"

"भेटच की! तुमच्यासाठीच तर घेतली."

"माझ्याच घरातलं उचलून मलाच भेट दिलीस? आणि मी मेली गावभर तुझं कौतुक सांगत फिरले! केसाने गळा कापलास गं माझा. तुला एकटीला सांगितलं होतं मी."

"एवढं मनाला लावून घेऊ नका ना. आता नाही कुणी नावं ठेवणार. लोक फारच ओरडायला लागले, म्हणून परवा मी तो सरळ केला. आज नवा फोटो चढवणार होते."

"सरळ केलास? कुठे, लॅपटॉपमध्ये?"

धाकटीची नजर खिळ्याकडे गेली.

मोठीने पुठ्ठा खाली काढला, टेबलावर पसरला. टेप लावला. उजवा खांदा मोजला, डावा मोजला. पुन्हा मोजला. दोन्ही एकसारखे. सगळा पुठ्ठा जुना होऊन तपकिरी पडला होता, फक्त डाव्या खांद्याची कड ताजी, पांढरीशुभ्र होती.

"कापलेली पट्टी कुठंय?"

"वहिनी, कचरा काल गेला."

मोठी त्या पांढऱ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. लॅपटॉप तेवढ्यात पुन्हा विचारू लागला, पुढचं वर्ष चालू ठेवायचं का. धाकटीने हळूच पुढे होऊन त्याचं झाकण लावायला हात घातला.

"राहू दे," मोठी म्हणाली. "भरायची तर भर वर्गणी. सरळ खांद्याचे कोट पुष्कळ मिळतील तिथे. माझं माणूस तिथेही नाही आता, आणि इथेही नाही."