ज्याच्या त्याच्या तोंडी माझा पासवर्ड

मित्रांनो, मी एका दवाखान्यातला जुना सर्व्हर आहे आणि मी चिडलेला आहे. घडलंच तसं.

नोंदणीच्या खिडकीमागच्या खोलीत मला बसवलं. एका तंत्रज्ञ बाईंनी माझ्यात डेटाबेस घातला, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती नीट ठेवायची सोय केली. शेवटी प्रशासकाचा पासवर्ड ठरवायचा होता. तो ज्याच्याकडे, त्याला माझ्यातलं काहीही बदलता येतं, पुसताही येतं. बाईंनी लांबलचक, अवघड पासवर्ड सुचवला. दवाखान्याचे व्यवस्थापक साहेब म्हणाले, डोक्याला ताप नको. आणि आपल्या मुलीचं लाडाचं नाव टाकायला लावलं, छकुली. बाईंनी परोपरीने समजावलं, पण ऐकतो कोण.

पुढे कुणाचं काही अडलं की साहेब जिन्यावरूनच सांगत, "छकुली टाक." सगळ्यांना मी सताड उघडा. तरी मी वर्षानुवर्षं मुकाट्याने राबलो. कौतुकही व्हायचं.

एके दिवशी कारकुनाला चुकून दोनदा आलेलं एक नाव काढायचं होतं. त्याच्या स्वतःच्या पासवर्डाला तेवढी मुभा नव्हती. त्याने छकुली टाकलं आणि घाईघाईत, कोणाला कुठलं औषध चालत नाही, ती सगळीच माहिती पुसली. त्याला कळलंही नाही.

दुपारी शिवणकाम करणारी एक बाई तापाने फणफणत आली. धड बोलण्याचीही शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, नोंद काहीच नाही, म्हणून इंजेक्शन दिलं. बघता बघता तिचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. डॉक्टरांनी शर्थ करून तिला वाचवलं. तिचा नवरा धावत आला. "मागच्या खेपेला मी इथेच सांगितलं होतं हो, हिला हे चालत नाही."

व्यवस्थापकांनी खापर माझ्यावर फोडलं. मशीन जुनं झालंय, म्हणे, विसरतं. माझ्या पोटातलं दुसऱ्याने पुसलं आणि विसरभोळा मी?

तंत्रज्ञ बाईंनी कुठल्या पासवर्डाने काय पुसलं गेलं ते माझ्यात पाहिलं आणि आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं परत आणलं. नवा पासवर्ड घातला, तो दोघांनाच दिला. साहेबांना म्हणाल्या, "हा काही विसरलेला नाही. किल्ली तुम्ही रस्त्यावर टाकली होतीत."

ती बाई आता तपासणीला येते तेव्हा भेटेल त्याला सांगते, मला ते औषध देऊ नका. परवा परिचारिका म्हणाली, "अहो ताई, इथे लिहिलंय सगळं."

"तेव्हाही लिहिलेलंच होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, उद्या असा पासवर्ड तुमच्या हाती आला, तर तो जपा. त्याच्या आड कुणीतरी तापाने पडलेलं असतं.