अकरा नंबरची डबी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रत्नप्रभाबाईंच्या पिपलानी टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये वीस बायका जमल्या, आणि सुनेनं प्रत्येकीच्या हातात एकेक साबणदाणी ठेवली.

"आधी परीक्षा, मग वाण," शारदा म्हणाली.

ती टाउनशिपच्या शाळेत सहावीला गणित शिकवायची. वर्गात तीच चार पोरं बोलायची, बाकीची माना खाली घालायची. म्हणून तिनं साबणदाण्यांत ही यंत्रं जुळवली होती. साबणदाणीवर चार रंगांची बटणं. प्रश्न ऐकून बटण दाबलं की कोणत्या नंबरच्या डबीचं काय उत्तर, ते लॅपटॉपवर उमटायचं. विकतची यंत्रं शाळेला झेपणारी नव्हती; यांच्या जोडणीचा नकाशा मात्र कुणीतरी इंटरनेटवर खुला ठेवला होता, हवं त्यानं करून घ्यावं.

"फुकट वाटणारा कोण एवढा धर्मात्मा?" रत्नप्रभाबाईंनी महिनाभर टोमणे मारले होते, आणि महिनाभर सुनेसमोर बसून एकूण एक झाकण स्वतः बसवलं होतं.

सोमवारी डब्या वर्गात जायच्या होत्या. सगळ्या एकदम चालतात का, ते आज बघायचं होतं.

"सव्वादोन किलो तीळ तिघींत सारखे वाटले. प्रत्येकीला किती? लाल अर्धा किलो, पिवळं पाऊण, हिरवं एक, निळं सव्वा."

एम. ए. झालेल्या मंदाकिनीबाई बोटं मोजू लागल्या. रत्नप्रभाबाईंचा अंगठा केव्हाच पिवळ्यावर होता.

त्या दुसरीत असताना गुरुजींनी हेच विचारलं होतं. हात वर धरून खांदा भरून आला, पण मागच्या रांगेतल्या मुलींकडे गुरुजींनी बघितलंच नाही. महिन्याभरात धाकटा भाऊ दत्तू जन्मला आणि त्याला सांभाळायला त्यांची शाळा सुटली.

"आई, अकरा नंबर तुमचा ना? बटण सोडा. तुमच्या डबीनं वाट अडवलीय, बाकीच्यांची उत्तरं येईनात."

"मी आधी दाबलंय."

"हो, पोचलं तुमचं."

"पोचलं म्हणजे काय गं? तू इकडे पाहिलंस तरी का? त्या डबड्यात तोंड खुपसून बसलीस!"

"काकू, छोडो ना अब," कुणी तरी हसत म्हणालं.

अंगठा पांढरा पडला होता. "नाही सोडत. विचार की मला."

शारदानं मान वर केली. हात वर धरून बसलेली पोरं ती रोज बघत होती. ती उठून उभी राहिली.

"रत्नप्रभा."

खोलीतल्या बांगड्या थांबल्या. या घरात त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, नवऱ्यानंसुद्धा नाही. रत्नप्रभाबाईंनी सुनेकडे डोळे वटारले. मग पदर सावरून, गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या.

"पाऊण किलो, बाई."

"बरोबर. कसं काढलंस?"

"एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..." त्या थांबल्याच नाहीत. दहापर्यंत गेल्या. अंगठा कधीच सुटला होता. लॅपटॉपवर भराभर उत्तरं येत होती, पण शारदा तिकडे बघत नव्हती.

"आणखी काय येतं?"

"दीडकी, दीडाचा पाढा. आमचा नरहरदादा पडवीत घोकायचा, मी दत्तूला मांडीवर घेऊन दाराआडून ऐकायची. आठ दिढे बारापर्यंत येते." आवाज खाली आला. "पुढं तो पोर किंचाळायचा, मला उठावं लागायचं."

त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पुढची सांगता, बाई?"