सख्ख्या भावाची तपासणी

पुण्याच्या डॉक्टरांनी स्कॅन खाली ठेवला आणि ते हसून म्हणाले, "विक्रम, सगळं साफ आहे!"

वृषणाच्या कॅन्सरशी वर्षभर झगडलेला वडगाव रासाईचा विक्रम खुर्चीतून उडालाच. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सख्खा भाऊ आहे का? त्यालाही दाखवा. हा आजार थोडाफार घराण्यातून येतो, भावाला धोका जास्त. होईलच असं नाही. पण जन्मताना वृषणाची गोळी पोटातून खाली उतरलेली नसेल, तर मुळीच थांबू नका."

विक्रमला एकदम आठवलं. धाकट्या ज्ञानेशचं लहानपणी दौंडला गोळी खाली आणायचंच ऑपरेशन झालं होतं.

त्यानं गाडी थेट रांजणगावला, ज्ञानेशच्या कंपनीच्या गेटवर नेली. शिफ्ट सुटली.

"दादा! रिपोर्ट काय आला?"

"माझा एकदम झकास. आता तुझा काढायचा. बस मागं."

कशाचा ते कळल्यावर ज्ञानेश लाजून इकडंतिकडं बघू लागला. "मला काय बी दुखत न्हाई, दादा."

"मला तरी कुठं दुखत होतं? गाठ हाताला लागली, तरी लाजंपायी गप बसलो. बस म्हंतो ना!"

शिरूरला सोनोग्राफी झाली. हरभऱ्याएवढी गाठ निघाली. ज्ञानेशचं तोंड उतरलं, पण विक्रमनं त्याचा हात सोडला नाही. लगेच पुण्याला रक्ततपासण्या आणि ऑपरेशन. ती गोळी काढली.

निकालाच्या दिवशी आई सिंधूबाई आणि ज्ञानेशची बायको ऋतिका दवाखान्यात जीव मुठीत धरून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच होता. पण गोळीच्या आतच सापडला, कुठंही पसरला नाही. केमो नको. फक्त वेळच्या वेळी तपासणीला यायचं."

"आन् डॉक्टर, एका गोळीवर पोरंबाळं हुत्यात का?" सिंधूबाईंनी सरळ विचारलं.

"बहुतेकांना होतात, आजी."

ऋतिका पदराआड हसत रडली. विक्रमनं भावाला असं कवटाळलं की तो ओरडला, "आरं टाके हायत!"

कामावर परतल्यावर ज्ञानेशनं भर कँटीनमध्ये सांगितलं, "अंघोळीच्या वेळी हात लावून बघत जा रे. गाठ, जडपणा, काय बी वेगळं वाटलं तर दाखवा. घरात कुणाला झालं आसंल तर आधीच दाखवा."

पोरं खो खो हसली. पण हात धुताना भांडगावचा मल्हारी त्याच्या कानाशी आला. "ज्ञान्या, शिरूरचा तो दवाखाना कुठं रं?"

ज्ञानेशनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल की, आत्ताच जाऊ!"