मोठ्या मावशीचं न दिलेलं मत

"चादर सोडा आणि वर चला," सिस्टर दारातूनच म्हणाल्या. "मतदान संपायला अर्धा तास उरलाय."

मोठ्या मावशीने चादर सोडली नाही. इस्त्रीच्या गरम रोलरच्या तोंडाशी ती दोन कोपरे धरून उभी होती, आणि मध्येच सोडलेली चादर आत गोळा होऊन करपते, हे लाँड्रीत पहिल्याच दिवशी शिकवतात. तिने ती सरळ आत घातली. पलीकडून बाहेर आल्यावर मी ती घडीसाठी ओढून घेतली. मग मावशी म्हणाली, "मी मत देत नाही सिस्टर. ठाऊक आहे तुम्हाला."

"या वेळी द्या. स्टोअरकीपरला पाडायचं तर आत्ताच. एकेका मतासाठी जीव टांगणीला लागलाय आमचा."

आम्हाला सगळं हॉस्पिटल मावशी म्हणतं, आणि आम्ही तिला मोठी मावशी. हॉस्पिटलच्या तळघरातल्या या लाँड्रीत आम्ही नऊजणी. कायम नोकरी तिची एकटीची, बाकी आम्ही कंत्राटी. मी गेली अकरा वर्षं कंत्राटी आहे, म्हणजे वरच्या निम्म्या डॉक्टरांपेक्षा जुनी. कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष स्टोअरकीपर, त्याच्याविरुद्ध उभ्या सिस्टर, आणि निवडणुकीत मत फक्त कायम असणाऱ्यांना. मोर्चा निघाला की मात्र आम्हालाच पुढे उभं करायचे, कारण मशीनच्या आवाजात बोलून बोलून आमचे गळे दणकट झालेले. तर अशा या तळघरातून मत एकच, आणि ते मोठी मावशी कधी देत नव्हती.

"मत न देणं म्हणजे हात झटकणं झालं," सिस्टर म्हणाल्या. त्या तापट खऱ्या, पण मनाने सरळ. "तो लिफ्टवालाही देत नाही. मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"त्याला विचारा, का दिलं नाहीस. तो म्हणेल, डोळा लागला. आणि मग मला विचारा."

"बरं, का देत नाही?"

"या आठजणींना मत मिळेपर्यंत मी माझं देणार नाही. स्टोअरकीपरला हे दर निवडणुकीत सांगते. तो म्हणतो, बघू."

"अहो, मी निवडून आले तर मीच मिळवून देईन ना."

"निवडून यायच्या आधी तोही हेच म्हणाला होता," मावशी म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

सिस्टर पाय आपटत जिना चढून गेल्या.

संध्याकाळी मतं मोजली तर दोघांना अगदी सारखी. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि उचलायला कोणाला आणावं, तर त्या लिफ्टवाल्याला, झोपेतून उठवून. निघाला स्टोअरकीपर.

आम्ही मावशीवर चिडलो. का चिडू नये? हातमोज्यांची मागणी स्टोअरकीपर वर्षानुवर्षं दाबून बसला होता, आणि रोलरमधून निघालेली चादर किती भाजते हे आमच्या बोटांना विचारा. आमच्यातली चष्मेवाली तर तोंडावरच म्हणाली, "आमच्यासाठी करतेस म्हणतेस. पण सिस्टर आल्या असत्या तर निदान हातमोजे तरी आले असते. आता बस तुझं तत्त्व कुरवाळत."

मावशीने हातातली घडी पुरी केली. भाजलेली बोटं तिचीही होती. "चुकलंही असेल माझं," ती म्हणाली. "पण तुम्हाला इथे ठेवून मी एकटी वर गेले असते, तर खाली येऊन तुमच्याकडे बघायचं कसं, ते मला कळलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पुन्हा आल्या, या वेळी भांडायलाच. "तुमच्या एका मताने घात केला," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्षं मी मत दिलं नाही, कोणी का म्हणून विचारलं नाही," मावशी शांतपणे म्हणाली. "आता त्याच मतावाचून अडलं, तर दोन दिवसांत दोनदा जिना उतरलात. एका मताचं एवढं, तर आठांचं किती, ते तुम्हीच बघा."

तळघरातल्या वाफेने सिस्टरांचा पांढरा युनिफॉर्म पाठीला चिकटला होता. त्यांनी माझी बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. एखाद्या पेशंटची पाहावीत तशी. मग जिना चढून गेल्या.

संघटनेच्या वार्षिक सभेत सिस्टरनीच ठराव मांडला, की लाँड्रीतल्या सगळ्यांना मत द्या. आम्हाला आत प्रवेश नव्हता, म्हणून आम्ही दाराशी दाटीवाटीने उभ्या. स्टोअरकीपर म्हणाला, "कंत्राटी माणसं आज आहेत, उद्या नाहीत."

मोठी मावशी उठली. "उद्या त्या नसल्या, तर परवा ऑपरेशनच्या टेबलावर काय अंथरणार आहात?"

सभा खदखदून हसली, आणि मग हात वर करायला सांगितले. सगळ्यांत आधी मावशीचा हात वर गेला. त्या सभेत तो पहिल्यांदाच वर जात होता, तोही आमच्या मतासाठी, आणि चांगला ताठ होता. बघता बघता खोली हातांनी भरली. लिफ्टवाल्याचाही होता. जागा होता तो. चष्मेवाली माझा दंड आवळून रडत होती आणि मीही काही कोरडी नव्हते.

पुढची निवडणूक आली. हॉस्पिटलच्या चादरी काही मतदानासाठी थांबत नाहीत, म्हणून मावशीने आम्हाला दोघीदोघींनी वर पाठवलं. "आधी तुम्ही," एवढंच म्हणत ती रोलरपाशी उभी राहिली. मी मत देऊन आले, तर तोच जिना उतरताना मला मान खाली घालावीशी वाटेना. सगळ्या जाऊन आल्या, आणि नेमका ऑपरेशन थिएटरचा मोठा गठ्ठा येऊन पडला. वेळ संपत आली तरी मावशी तिथेच.

दारात सिस्टर दिसल्या. यंदाही त्या निवडणुकीला उभ्या होत्या. मला वाटलं, आता पुन्हा म्हणणार, चादर सोडा. त्या सरळ आत आल्या आणि मावशीच्या हातातले दोन्ही कोपरे त्यांनी आपल्या हातात घेतले.

"मी बघते. तुम्ही जा."

"जमायचं नाही तुम्हाला. तिरकी जाईल."

"जाऊ दे तिरकी."

मावशीने हात पुसले. "मत तुम्हालाच देईन असं नाही हं."

"विचारलंय का मी?"

मावशी हसली, केस सारखे केले आणि जिना चढू लागली. एकेका पायरीवर नीट पाय ठेवून, कुणाच्या घरी मानाने बोलावणं असावं तशी. आम्ही आठजणी कामं टाकून बघत राहिलो.

संध्याकाळी सिस्टर भरघोस मतांनी निवडून आल्या, आणि पुढे हातमोजेही आले. पण मला आठवते ती त्यांनी लावलेली चादर. ती तिरकीच गेली होती आणि कडेला चांगली सुरकुती पडली होती. एरवी अशी चादर मोठी मावशी तोंडावर परत फेकते, मग ती कुणीही लावलेली असो. वरून आल्यावर तिने ती हातात घेऊन पाहिली, सुरकुतीवरून एकदा तळवा फिरवला आणि गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवली.