सगळं बंद असताना

मित्रांनो, या घरात आलात की चपला काढताना जरा वर बघा. दाराच्या वर लाकडी पेटीत, काचेच्या मागून, एक काळा गोल चेहरा तुमच्याकडे बघत असेल. दचकू नका. मी एक जुना वीजमीटर आहे. माझ्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ चकती आहे आणि तिच्या कडेवर एक लाल खूण. घरात कोणी वीज वापरली की चकती फिरते, कोणी वापरत नसेल तर ती थांबते. फिरणे आणि थांबणे, एवढीच माझी भाषा आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका श्वास रोखून आमच्या चकत्या बसवत, कारण नुसत्या फुंकरीनेही त्या हलत. मग आम्हा सगळ्यांना एका फळीवर टांगून सारखीच वीज दिली. जे पुढे पळाले ते बाजूला निघाले, जे रेंगाळले तेही निघाले. मी दोन्हींत नव्हतो. माझ्या कानात तार ओवून शिशाचे सील ठोकले आणि तेव्हापासून मी एकदाही खोटे बोललो नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढची हकिगत तुम्हाला खरी वाटावी म्हणून सांगतो.

मला या घरात टांगले तेव्हा भिंतींचा रंगही वाळला नव्हता. माझ्यासमोर लांब बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. तिथे आजी राहायची. माझी काच ओल्या फडक्याने पुसणारी घरात ती एकटीच. बाकीच्यांना माझी आठवण बिल आल्यावर व्हायची आणि तेव्हा ते माझ्याकडे असे बघायचे की जणू त्यांचा खिसा मीच कापला.

जागेवरून हललो नाही तरी घरातले सगळे मला कळते. इस्त्री लागली की चकतीला धाप लागते. फ्रिज थोड्या थोड्या वेळाने कुरकुरत उठतो आणि पुन्हा झोपतो. आईच्या शिलाई मशीनची मोटर तुटक तुटक चालते. आणि सकाळी आजीच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या न्हाणीत गिझर लागला, की माझी चकती सुसाट सुटायची. ती धाव घरातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूची नव्हती. आजी गेली आणि ती धाव थांबली. मला फार चुकल्यासारखे वाटले.

काही वर्षांनी आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने सारे आयुष्य एका वसतिगृहात स्वयंपाक केला होता. तिथले काम सुटले, खोलीही सुटली. बाबा म्हणाले, "ताई, आईची खोली तुझीच आहे. ये." ती यायच्या आधी त्यांनी खोली नीट करायला घेतली. कोपऱ्यातली न्हाणी आता कोणी वापरत नव्हते, तिची ओल मात्र खोलीत यायची. म्हणून न्हाणीच्या तोंडावर प्लाय ठोकून तिथे सपाट भिंत करायचे ठरले.

बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. सुताराचे काम संपले तेव्हा ते दारात माझ्याखाली उभे राहून बूट घालत होते, दुकानाची वेळ झाली होती. त्यांनी तिथूनच हाक दिली, "मागचं सगळं बंद केलंत ना?"

आतून सुतार म्हणाला, "एकदम बंद. मुंगीसुद्धा आत जायची नाही."

बाबा हसले आणि निघून गेले. हे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्यात कोणाचेच काही चुकले नव्हते.

आत्या त्याच दिवशी आली. त्या गडबडीत घरात सगळेच चालू होते, त्यात एखादी धाव मला वेगळी कळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते. बाबा दुकानात, आई शिवलेले कपडे द्यायला गेलेली, मुलगी शाळेत, आत्या भाजी आणायला. फ्रिजही झोपला होता. आणि अचानक माझी चकती सुसाट सुटली.

मित्रांनो, ती धाव मी ओळखली. तेच वजन, तोच वेग. रिकाम्या घरात आजीच्या आंघोळीचे पाणी तापत होते.

मी कान देऊन ऐकले. नळ वाजला नाही, बादली सरकली नाही. थोड्या वेळाने चकती आपोआप मंदावली आणि थांबली. संध्याकाळी पुन्हा तसेच झाले, पहाटे पुन्हा. नंतर हे रोजचेच झाले. घर भरलेले असो की रिकामे, कोणीतरी ठरावीक अंतराने माझ्यातून एक लांब घोट घ्यायचे आणि गप्प व्हायचे. एवढी वर्षे मी भिंतीवर आहे, पण मला भीती अशी तेव्हाच पहिल्यांदा वाटली.

बिल आले. बाबांनी ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे बघितले. मग त्यांनी कंबर कसली. सगळे जुने दिवे काढून एलईडी लावले. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. त्याच्या दारात कागद धरून तो सहज निसटतो का ते पाहिले, निसटला, म्हणून दाराचे रबर बदलले. इस्त्री आठवड्यातून एकदाच. आईने मशीनची मोटर काढून ठेवली आणि पुन्हा पायाने मशीन चालवू लागली. दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळकटी आली. हे सगळे चांगलेच होते. माझ्या चकतीला खरोखर विसावा मिळाला. तो लांब घोट तेवढा तसाच राहिला.

"कोणीतरी गपचूप वीज खातंय," बाबा जेवताना म्हणाले.

त्यांच्या मुलीला सगळे खारू म्हणतात, कारण ती खारीसारखी खाऊ लपवून ठेवते. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तिने माझ्या पेटीवर अर्धे बिस्किट ठेवले. "हे खा," ती हळूच म्हणाली, "वीज नको खाऊस. बाबा चिडतात." ते बिस्किट मुंग्यांनी नेले. मुलीने मात्र रिकामी जागा पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले.

मोठ्यांचा संशय दुसरीकडे होता. आत्या आली आणि बिल वाढले, एवढे साधे गणित. त्यात तिची खोली उबदार असायची. बाहेर बोटे गारठत तेव्हाही ती त्या नव्या भिंतीला पाठ टेकून निवांत बसलेली असायची.

"वन्सं, तुमचीच खोली एवढी गरम कशी हो?" आईने विचारले.

"आईची खोली आहे ना," आत्या म्हणाली. "भिंतीला टेकलं की वाटतं, तिच्या कुशीत बसलेय. कधी कधी आतून आवाजही येतो. टक् करून. मग सूं होतं आणि पाठ शेकते."

आईने हातातली सुई खाली ठेवली. रात्री तिने बाबांना काय सांगितले ते मी ऐकले नाही, पण सकाळी बाबांनी बहिणीला विचारले, "ताई, शेगडी-बिगडी लावतेस का गं खोलीत? लावत असलीस तर सांग, मी काही म्हणणार नाही."

"नाही रे."

त्यानंतर आत्याने आपल्या खोलीतला दिवा लावणे सोडले. पंखा सोडला. संध्याकाळ झाली की ती अंधारात बसायची. बोळाच्या टोकाला मला फक्त तिचे पांढरे केस दिसायचे. मला ओरडून सांगावेसे वाटे की ही नव्हे, ही काहीच घेत नाही. पण माझ्याजवळ चकतीशिवाय काय आहे? आणि चकती तर फिरतच होती.

एके दिवशी आत्या वाण्याकडे गेली असताना बाबा तिच्या खोलीत शिरले. गादी उचलून पाहिली, मग तिची पत्र्याची पेटी उघडली. शेगडी सापडली नाही. त्यांनी कपडे जसे होते तसे ठेवले, निदान तसे त्यांना वाटले. पण आयुष्यभर स्वतःच्या हाताने घड्या घातलेल्या बाईला परक्या हाताची घडी कळतेच. दोन दिवसांनी तीच पेटी घेऊन ती माझ्याखाली उभी राहिली.

"वसतिगृहातली माझी मैत्रीण एकटीच असते. तिच्याकडे राहीन म्हणते."

"ताई, असं काय एकदम?" बाबा म्हणाले. पण पेटी त्यांनी तिच्या हातातून घेतली नाही. दार लागले तेव्हा माझी काच हलली.

त्या संध्याकाळी बाबा घरभर फिरले. सगळी बटणे बंद केली, फ्रिजची पिन काढली आणि बॅटरी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. आई मागे होती, खारू पुढे. घरात अंधार आणि एकही आवाज नाही. चकती निश्चल होती. लाल खूण बाबांच्या डोळ्यांसमोर थांबलेली.

"बघ," बाबा हळूच म्हणाले. "थांबली." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. आईने मान खाली घातली.

तेवढ्यात चकती सुटली.

लाल खूण एकदा गेली, पुन्हा आली, मग इतकी भराभर जाऊ लागली की तिची नुसती रेघ दिसू लागली. आईने खारूला जवळ ओढले.

"आत्या तर गेली," खारू म्हणाली. "मग आता कोण खातंय?"

मग खारूच बोळातून मागच्या खोलीत गेली. इतके दिवस तिने आत्याच्या मांडीवर बसून तो आवाज ऐकला होता, तिला तो नवीन नव्हता. तिने भिंतीला कान लावला.

"बाबा, आत कोणीतरी आहे. अंग गरम आहे त्याचं."

बाबांनी तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मग स्क्रू काढायला ते अंधारातच बसले. आई बॅटरी धरून होती, पण तिचे तोंड दुसरीकडे होते. प्लायची कड सुटली आणि माझ्या जागेवरून मला बोळाच्या टोकाला एक बारीक लाल दिवा दिसला. बंद न्हाणीत, जाळ्या-धुळीच्या आड तो इतके दिवस जळत होता. वर गिझर सूं करत होता. खाली आजीचा मग पालथा पडलेला, शेजारी साबणाची भेगाळलेली वडी. सुताराने ड्रिल लावायला तिथल्या बोर्डाची बटणे एकेक करून दाबून पाहिली असणार. मग त्याने न्हाणी बंद केली, अगदी मुंगीही जाणार नाही अशी. गिझर बंद आहे का, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

"मी विचारलं होतं," बाबा म्हणाले. "बंद केलंत ना, म्हणून विचारलं होतं मी."

त्यांनी बटणावर बोट ठेवले, पण लगेच दाबले नाही. गेलेल्या आईसाठी घर अजून पाणी तापवत होते आणि जिवंत बहिणीवर त्यांनी चोरीचा आळ घेतला होता. ते खाली बसून रडले. मग लाल दिवा विझला आणि माझी चकती थांबली.

बाबा तसेच बाहेर पडले. उशिरा दार वाजले. आत्या चपला काढत होती आणि पेटी बाबांच्या हातात होती.

"गिझर होता, ताई."

"गिझर," आत्या म्हणाली. "आणि तू माझ्या पेटीत शोधत होतास होय रे?"

ती हसत म्हणाली, पण बाबांना हसता आले नाही.

मित्रांनो, आता बिल इतके कमी येते की शेजारी विचारायला येतात. तुम्हीही बाबांसारखे करा. सगळी बटणे बंद करून एकदा माझ्यासारख्याकडे बघा. चकती फिरत राहिली तर भिंत तपासा, तार तपासा, विसरलेले बटण शोधा. माणसांच्या पेट्या मागाहून.

आणि एक. आत्याची भिंत आता गार झाली आहे. आईने तिच्या खिडकीला जाड पडदा शिवला, फटी बुजवल्या, खोली तशी उबदार असते. पण संध्याकाळ झाली की आत्या अजूनही दिवा लावत नाही. कोणी तिला नको म्हटलेले नाही. ती सवयीने अंधारात बसते आणि माझी चकती अगदी स्थिर असते. ती शांतता मला त्या लांब घोटाहून जास्त भिववते.

मग बोळातून पावले वाजतात. खारू जाऊन आत्याच्या खोलीतले बटण दाबते. माझी चकती सावकाश हलू लागते. तेवढे मात्र मला फिरू द्या.