मुठीतली कातरण

“आता उजवी मूठ उघडा,” फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या.

कटरकाकांनी मान वर केली. “बाई, ती मशीनच्या पात्याखाली गेली. आता कशी उघडू?”

“मग दुखतं काय?”

“तीच.”

“झालं तर! तिलाच सांगायला हवं.”

शेजारी बसलेल्या बायकोने हसू दाबले.

कटरकाका बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापण्याच्या मशीनवर होते. नावही त्यावरूनच पडलेले. पाते खाली आणायला दोन बटणे दोन हातांनी एकाच वेळी दाबावी लागत. पात्याखाली हात सापडू नये, म्हणून ती योजना. काम तुंबले की कारागीर एका बटणात पाचर ठोकून ते दाबलेलेच ठेवत. मग एक हात मोकळा मिळे आणि कडेची कातरण लगेच ओढून काढता येई. सगळेच तसे करत. त्या दिवशी काकांच्या उजव्या मुठीत कातरण आली आणि डाव्या हाताने सवयीने बटण दाबले.

मनगटाची जखम यथावकाश भरली. त्यापलीकडची मूठ मात्र मिटलेलीच राहिली. नखे तळव्यात रुतत होती, कागदाची धार बोटांच्या पेरांत कापत होती, आणि हे सारे जिथे काहीच नव्हते तिथे घडत होते. एकदा बायको पलंगावर त्यांच्या उजवीकडे टेकली, तेव्हा ते ओरडले, “अगं, हातावर बसलीस!” ती ताडकन उठली. तेव्हापासून ती डावीकडेच बसे.

“खरं दुखणं हातात नसतंच, काका,” बाई टेबलावर आरसा उभा करत म्हणाल्या. “हात फक्त खबर पाठवतो. ती मज्जातंतूंतून कण्यात जाते, तिथून मेंदूत. कुठं दुखतंय, किती दुखतंय, ते मेंदू ठरवतो. त्याच्याकडच्या नकाशात तुमचा हात अजून आहे. मूठ सोड म्हणून तो हुकूम देतो, पण सोडल्याची पोच येत नाही. तुटलेल्या टोकाकडून मात्र भलत्याच खबरा येत राहतात. म्हणून त्याच्या लेखी मूठ आवळलेलीच.”

“म्हणजे हात गेल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही.”

“आपणही कळवायचं नाही. मूठ उघडलेली तेवढी दाखवायची.”

उजवे मनगट आरशाच्या मागे गेले. डावा हात पुढे आला, आणि आरशात तो उजवा होऊन दिसू लागला. काकांनी तो एकदाच पाहिला आणि खिडकीकडे तोंड फिरवले.

घरी सराव करायचा होता. तो आज-उद्यावर जाऊ लागला. कारखान्यात त्यांना आता खळ लावण्याचे काम दिले होते. समोर शिलाईवर बसणाऱ्या मित्राने हटकले, “आरशात बघत नाहीस म्हणे. इतका का वाईट दिसतोस?”

“मूठ सुटली की हातही जाईल रे.”

“गेलाय तो, शहाण्या!”

“दुखतोय तोवर आहे.”

मित्राने सुईत दोरा ओवला. “तुझं तू बघ. पण वहिनी परवा आमच्याकडे येऊन रडून गेली. रोज रात्री तुझं कण्हणं ऐकते ती. तिचा हात कुठं तुटलाय?”

काकांनी ब्रश खळीत बुडवला. खळीचा ब्रश पुठ्ठ्यावरून फिरत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आरसा टेबलावर येऊ लागला. मागून बायको तो धरून बसे. डावी मूठ मिटायची, सावकाश उघडायची. बरेच दिवस काहीच घडले नाही. मग एका सकाळी आरशातली बोटे उलगडली आणि काकांचा खांदा एकदम सैल पडला.

“पडली,” ते म्हणाले.

“काय पडलं?”

“कातरण.”

बायकोने नकळत वाकून टेबलाखाली पाहिले.

त्यानंतर वेदना ओसरत गेली. तिच्यामागोमाग हातही. आधी बोटे जाणवेनाशी झाली, मग तळवा. तपासणीच्या वेळी बाईंनी “किती दुखतं?” असे विचारले, तेव्हा काका थोडे थांबून म्हणाले, “नाही दुखत.” बाई मनापासून हसल्या. काकांनी त्यांचे आभार मानले.

कामावर निघताना बायको त्यांच्या शर्टाच्या बाह्यांची बटणे लावून देत असे. डावे लावायला त्यांना दुसरा हात नव्हता. उजवे लावण्याचा आग्रह त्यांचाच. बाही ढिली राहिली तर त्या हाताला सहन होत नाही, असे ते म्हणत. त्याही सकाळी तिने डावे बटण लावले आणि सवयीने उजवी बाही हातात घेतली.

“राहू दे ते,” काका म्हणाले.

तिने बटण सोडले. मग तिने बाहीचे रिकामे टोक मनगटापर्यंत नीट दुमडले, तळव्याने दाबून बसवले आणि डबा त्यांच्या डाव्या हातात दिला.